'अनहॅपी' पण 'इम्पॉसिबल', असं का? इंग्रजी प्रिफिक्स लक्षात कसे ठेवायचे?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमातून झालं, आता लातूरला नीटची तयारी चालू आहे आणि शंभर प्रिफिक्सची (शब्दाआधी जोडायच्या उपसर्गांची) यादी पाठ करूनही आठवड्यात उडून जाते. उडणारच. ती यादी ए-बी-सी-डीच्या क्रमाने असते आणि त्या क्रमाला काही अर्थ नसतो.

इंग्रजीतले प्रिफिक्स मुख्यतः तीन घरांतून आलेत: जुनी इंग्रजी, लॅटिन (त्यातले बरेच फ्रेंचमार्गे) आणि ग्रीक. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? 'अशक्य'मधला 'अ' संस्कृत, 'बेजबाबदार'मधला 'बे' फारसी, 'गैरहजर'मधला 'गैर' अरबी. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, त्यामुळे कचेरीच्या भाषेत असे शब्द मुरलेले. तरीही 'अहजर' कुणी म्हणत नाही. कुठल्या शब्दाला काय लागतं हे कानाला ठाऊक असतं. ('नापास' हा मात्र पक्का संकर: 'ना' फारसी, 'पास' इंग्रजी.)

आता तुमचा प्रश्न. नकाराचा 'अन' जुन्या इंग्रजीचा, 'इन' लॅटिनचा, आणि 'अ' किंवा 'ॲन' ग्रीकचा. हे तिन्ही आणि आपला संस्कृत 'अ/अन्' एकाच मुळाचे आहेत. 'इन' फक्त लॅटिन घरच्या शब्दांना लागतो. 'अन' मात्र कुणालाही चालतो. म्हणून 'काइंड', 'ट्रू' अशा देशी शब्दांना 'इन' कधीच नाही, पण 'पॉप्युलर' लॅटिन असूनही 'अनपॉप्युलर' होतं. परीक्षेत फसवणाऱ्या जोड्या वेगळ्याच: 'अनएबल' पण 'इनॅबिलिटी', 'अनइक्वल' पण 'इनइक्वालिटी', 'अनजस्ट' पण 'इनजस्टिस'. नामं बहुतांशी लॅटिन-फ्रेंचमधून तयारच आली, विशेषणांना इंग्रजीने घरचा 'अन' जोडला.

'इन'चा 'इम' होतो तो उच्चाराच्या सोयीसाठी. पी, बी, एम या ओठांच्या अक्षरांपुढे 'न' टिकत नाही. 'संपत्ती' म्हणताना तुमचा अनुस्वार आपोआप 'म्' होतो, 'संताप'मध्ये 'न्' होतो, अगदी तसंच. एलपुढे 'इल', आरपुढे 'इर'. म्हणूनच 'इलीगल'मध्ये एल दोनदा, 'इरेग्युलर'मध्ये आर दोनदा, 'इमॅच्युअर'मध्ये एम दोनदा: एक प्रिफिक्सचा, एक शब्दाचा. 'मिसस्पेल'मध्ये एस दोन, पण 'डिसॲपिअर'मध्ये एकच, कारण 'ॲपिअर'मध्ये सुरुवातीला एस नाही. 'अन' मात्र हट्टी, कुठेही बदलत नाही: अनलकी, अनरीअल.

आणि 'अन' दोन आहेत. विशेषणाआधीचा नकार सांगतो, क्रियापदाआधीचा केलेलं उलटवतो: अनलॉक, अनटाय. त्यामुळे 'अनलॉकेबल' कपाटाला कुलूप लावता येत नाही, किंवा त्याचं कुलूप उघडता येतं. दोन्ही अर्थ बरोबर.

नीटसाठी ग्रीक घर सगळ्यात कामाचं. 'हायपर' म्हणजे वर, जास्त. 'हायपो' म्हणजे खाली, कमी. लॅटिनमध्ये हीच जोडी 'सुपर' आणि 'सब', संस्कृतात 'उपरि' आणि 'उप'. 'हायपोग्लायसेमिया' फोडा: खाली + गोड + रक्त, म्हणजे रक्तातली साखर कमी. 'ॲनिमिया' म्हणजे 'ॲन' + रक्त. आपण 'अज्ञान' पण 'अनादर' म्हणतो. ग्रीकही स्वरापुढे तेच करतं: 'एसेप्टिक' (जंतूविरहित) पण 'ॲनेरोबिक' (ऑक्सिजनशिवायचं). 'डिस' ऐकलं की स्पेलिंग बघा. वायने लिहिलेला ग्रीक, आपल्या 'दुस्'चा भाऊ, अर्थ बिघाड: डिसेंट्री (आतड्याचा बिघाड, हगवण), डिस्पेप्सिया (पचनाचा बिघाड, अपचन). आयने लिहिलेला लॅटिन, अर्थ दूर किंवा उलट.

'इंटर' आणि 'इंट्रा' यांत गोंधळ झाला तर मराठीकडे या. 'आंतरविद्यापीठ' स्पर्धा विद्यापीठा-विद्यापीठांमध्ये, 'अंतर्गत' गुण कॉलेजच्या आतले. 'इंट्राव्हेनस' म्हणजे शिरेच्या आत, सलाईन लावतात तसं.

सगळ्यात धोक्याचा शब्द पेट्रोलच्या टँकरवर असतो: 'हायली इन्फ्लेमेबल'. इथला 'इन' नकाराचा नाही, 'आत'चा. पेट घेणारं असाच अर्थ. लोक उलटं समजतील या भीतीने सुरक्षेच्या पाट्यांवर 'फ्लेमेबल' लिहायची पद्धत रूढ झाली. 'इन्व्हॅल्युएबल'मध्ये 'इन' नकाराचाच, पण शब्दाचा अर्थ अमूल्य.

वहीत घरामागे एक पान करा. प्रत्येक प्रिफिक्सपुढे अर्थ, संस्कृत किंवा मराठी भाऊ, आणि तुमच्याच पुस्तकातले तीन शब्द. त्याहून जास्त नको. शिवाय धातूचं एक पान ठेवा. एका 'हृ' धातूपासून आपण प्रहार, आहार, संहार, विहार करतो. तसे लॅटिनच्या 'घेणे' अर्थाच्या एकाच धातूचे रिसीव्ह, डिसीव्ह, परसीव्ह, कन्सीव्ह.

दिसेल तिथे कात्री चालवू नका. 'अंकल'मध्ये 'अन' नाही, 'इलनेस'मध्ये 'इल' प्रिफिक्स नाही, ते 'इल' आणि 'नेस' आहे. शंका आली तर ऑनलाइन डिक्शनरीत अर्थाखाली 'वर्ड ओरिजिन' उघडून बघा. 'अँटीक' आणि 'अँटिसिपेट' तिथे नक्की तपासा: दोन्हींत दिसतो विरोधाचा ग्रीक 'अँटी', पण आहे तो 'आधी' सांगणारा लॅटिन 'अँटे'.