ई २२० चा क्रँक सेन्सर: जुना पार्ट आधी ताब्यात घ्या

तुमची मर्सिडीझ ई २२० १९९६ ची. गरम झाली की सिग्नलला बंद पडते, अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की पुन्हा सुरू होते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात क्रँक सेन्सर (इंजिन फिरताना कुठल्या स्थितीत आहे ते ओळखणारा) गेलाय, तो पार्ट कंपनीने बंद केलाय, गाडी काढून टाका. तुमची ही पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझीही पुण्यातच जुळवलेली १२४ (तुमच्या ई २२० चीच मालिका) आहे आणि मलाही हेच, याच क्रमाने ऐकवलं होतं. गाडी काढू नका.

प्लग, फ्युएल पंप, पंपाचा रिले हे बघून झालं असेल असं धरून चालतो. मी मेकॅनिक नाही. सांगतोय ते माझ्या एका गाडीवरून, तेव्हा तुमच्या माणसाकडून पडताळून घ्या.

पहिला प्रश्न: जुना सेन्सर कुठे आहे? गाडीतच असेल तर उत्तम. काढला असेल तर बाकी सगळं सोडून वर्कशॉपला फोन करा आणि तो परत मागा. माझे सगळ्यात जास्त पैसे आणि महिने यापायी गेलेत. वर्कशॉपचं नाव घेत नाही. काउंटरवर चेसिस नंबर टाकला, स्क्रीनवर 'उपलब्ध नाही' आलं, विषय संपला. पार्ट नंबर तरी लिहून द्या म्हटलं तर 'बाहेर देता येत नाही'. मग मला न विचारता बाजारातला एक कॉपी सेन्सर बसवला आणि मूळचा टाकून दिला. बिलावर फक्त 'सेन्सर, नग १'. गाडी सकाळी सुरू व्हायची, पण ट्रॅफिकमध्ये आरपीएमचा काटा नाचायचा आणि इंजिन धक्के द्यायचं. परत नेली तर 'आता ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला' आणि त्याचं वेगळं कोटेशन हातात. ईसीयूला काहीही झालं नव्हतं.

पुढे एका जुन्या मिस्त्रींनी कॉपी सेन्सरची केबल कापून दाखवली. आत दोन साध्या वायरी, बाकी काही नाही. मूळच्या केबलमध्ये आतल्या तारेभोवती तांब्याची जाळी असते, आणि ती शोभेला नसते. हा सेन्सर म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेची गुंडाळी. फ्लायव्हीलवरच्या खुणा समोरून गेल्या की गुंडाळीत व्होल्टेज तयार होतं, आणि स्टार्टर मारताना ते फारच थोडं असतं. जाळी नसली की इग्निशनचा गोंगाट त्यात मिसळतो आणि ईसीयूला इंजिन कुठल्या स्थितीत आहे ते कळत नाही. ग्राहकाचा जुना पार्ट त्याला न विचारता फेकणं मला आजही चोरीइतकंच वाईट वाटतं. बिल देण्याआधी जुना पार्ट हातात मागायचा, हे मी आता वायपर बदलला तरी सोडत नाही.

इतका राग का, तर त्या टाकून दिलेल्या सेन्सरवर दोन नंबर होते. एक मर्सिडीझचा, 'ए' आणि पुढे दहा आकडे. दुसरा ज्याने तो बनवला त्याचा. माझ्या गाडीत बॉश या जर्मन कंपनीचा होता. मर्सिडीझ हे सेन्सर स्वतः बनवत नाही. तिचा नंबर बंद झाला असेल, किंवा त्याच्या जागी नवा नंबर आला असेल आणि काउंटरवरच्या माणसाने पुढचं पान उघडलं नसेल, तरी बॉश तोच सेन्सर स्वतःच्या खोक्यात विकत असू शकते. म्हणून 'ई २२० चा सेन्सर' असं म्हणत फिरू नका, बनवणाऱ्याचा नंबर घेऊन फिरा. बॉशचे स्पीड सेन्सर (क्रँक सेन्सर यातच येतो) ० २६१ २१० ने सुरू होतात, तापमानाचे ० २८० १३० ने, ऑक्सिजन सेन्सर ० २५८ ने. सीमेन्सच्या मालावर ५डब्ल्यूके असं दिसेल. अक्षरं पुसट असतील तर ब्रेक क्लीनरने हळू पुसून तिरप्या उजेडात फोटो काढा.

नवा मागवण्याआधी जुना खरंच गेलाय का ते बघा. मल्टीमीटरवर दोन टोकांमध्ये साधारण ७०० ते १२०० ओहम यायला हवेत. पण थंड असताना बरोबर येतील, तिथेच लोक फसतात. मीटर लावलेलाच ठेवा आणि सेन्सरवर हेअर ड्रायर धरा. मी नंतर बसवलेल्या सेन्सरचा आकडा गरम होता होता वर सरकत गेला आणि एकदम तुटला. ड्रायर बंद केला, थोड्या वेळाने परत आला. सिग्नलला बंद पडून अर्ध्या तासाने सुरू होण्याचं कारण डोळ्यांसमोर दिसतं. दुसरी खूण: गरम गाडी स्टार्टर मारूनही लागत नसेल तेव्हा आरपीएमचा काटा अजिबात हलत नसेल, तर संशय इथेच.

वायरिंगही बघा. त्या काळातल्या मर्सिडीझच्या इंजिन हार्नेसचं (वायरींच्या जुडग्याचं) इन्सुलेशन उष्णतेने पापडासारखं तडकतं. वायर हलकेच वाकवली आणि वरचं आवरण गळून पडलं तर सेन्सर कितीही बदला, उपयोग नाही.

शोधायचं कुठे? तुमचं एम १११ इंजिन सी क्लासच्या २०२ मध्येही होतं, आणि कोरियाच्या सँगयाँगने मर्सिडीझच्या परवान्याने त्याच मालिकेचं इंजिन आपल्या मुस्सो या गाडीत घातलं. त्यामुळे कोरियन विक्रेत्यांकडे जरूर विचारा. हे इथले काउंटरवाले कधीच सांगत नाहीत. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. आखातात कुणी नातेवाईक असेल तर शारजाचं जुन्या पार्टचं मार्केट. जर्मनीत फेलबाखला मर्सिडीझचं स्वतःचं क्लासिक सेंटर आहे, महाग पण भरवशाचं. बाहेरून मागवताना पार्टची किंमत, कुरिअर आणि कस्टम ड्युटी मिळून हिशेब करा, आणि बिलावर नुसतं 'कार पार्ट' न लिहिता नीट वर्णन लिहायला सांगा.

वापरलेला जुना सेन्सर विकत घ्यायला माझा विरोध आहे. तोही तितकीच वर्षं तापलेला असतो. न वापरलेला जुना स्टॉक मिळाला तर घ्या, रबर रिंग असेल तर तेवढी बदला. हवा मोजणारा सेन्सर मात्र वेगळं प्रकरण आहे, तो महाग असतो आणि त्याच्या स्वस्त कॉपीला हातही लावू नका. तापमानाचा सेन्सर घेताना २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास येतात का ते गरम पाण्यात बुडवून बघा. ऑक्सिजन सेन्सरची वायर सोल्डर करू देऊ नका, बरेच सेन्सर बाहेरची हवा त्या वायरीतूनच घेतात.

जुना सेन्सर मिळाला की दोन्ही नंबरांचा आणि प्लगचा समोरून काढलेला फोटो टाका. केबलची लांबीही मोजून लिहा, कारण त्यातही फरक असतो.