डेल्को, कॉइल आणि करंट : जुन्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

पद्मिनी पावसाळ्यात सकाळी सुरू होत नाही, ऊन पडलं की होते. बॅटरी बदलू का? (गुहागर)

सेल्फ जोरात फिरतोय ना? मग बॅटरीला हात लावू नका. डेल्कोचं (म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण काढून आतलं दव कोरड्या फडक्याने पुसा. आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर पुसून भागणार नाही. करंट त्या रेघेतूनच पळतो. कॅप (म्हणजे हे झाकण) आणि त्याखाली फिरणारा रोटर दोन्ही बदलून घ्या.

पेट्रोल ॲम्बॅसिडरच्या स्पार्क प्लगचा गॅप किती? (मालवण)

०.६ मिलिमीटरच्या आसपास. फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, अंदाजाने नाही.

ॲम्बॅसिडर कुंभार्ली घाटात तापली की मिसिंग मारते (इंजिन अडखळतं), बंद पडते. अर्ध्या तासाने चालू. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइल दोनदा बदलून झाल्या. आता इंजिनच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायला सांगतात. (चिपळूण)

फडक्याचं सोडा. आधी करंट बंद होतो की पेट्रोल, हे ठरवा, आणि ते बंद पडल्या पडल्याच कळतं. गार झालेली गाडी गॅरेजात नेलीत तर ती मेकॅनिकसमोर गुणीच वागणार. डिकीत एक जादा प्लग ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पेट्रोल कुठे गळत नाही याची खात्री. मग प्लगची एक वायर काढून त्या प्लगला लावा, प्लग इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवून ठेवा (हातात धरू नका) आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी आली तर पेट्रोलकडे बघा. पिवळी, मरतुकडी किंवा काहीच नाही? मग माझा पहिला संशय पॉइंटच्या जोडीला असणाऱ्या छोट्या कंडेन्सरवर. तापला की दगा देतो, गार झाला की पुन्हा चालतो. सीबी पॉइंट (डेल्कोत कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे) जळलेले असतील तर संशय पक्काच धरा. पण कंडेन्सर स्वस्त, कॉइल महाग; दुकानदार काय विकणार ते उघड आहे. शिवाय बॅलास्टवाली, म्हणजे करंट कमी करणाऱ्या रेझिस्टरसोबत चालणारी कॉइल, त्या रेझिस्टरशिवाय थेट १२ व्होल्टवर बसवली तर ती तापणारच. मीटरने मोजा: साध्या कॉइलच्या प्रायमरीचा (१२ व्होल्टकडच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स साधारण ३ ओहम, बॅलास्टवालीची निम्मी. पॉइंटचा गॅप ०.३८ मिलिमीटर. टायमिंगला (ठिणगी नेमकी कधी पडते त्याला) मात्र स्वतः हात घालू नका, पॉइंटच्या गाड्या जाणणारा माणूस गाठा.

पॉइंटच्या जागी बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक किटने ॲव्हरेज दीडपट होतं म्हणतात. (रत्नागिरी)

विकणाराच म्हणतो ना? चांगलं किट पॉइंटची कटकट मिटवतं, एवढंच. कॉइल त्याला जुळते का, हे बसवणाऱ्याला आधी विचारा.

शिमग्यापासून मिसिंग आहे. पुढच्या आठवड्यात गणपतीला मुंबईहून देवगडला न्यायची आहे. चालेल का?

नाही. सहा महिने थांबलात, आता उद्याच इलेक्ट्रिशियनकडे न्या. त्याने हमी दिली नाही तर एसटीने जा.