जपानमध्ये युकाता घालून आतषबाजीला गेलं तर लोकांना खटकेल का?

ताई, तुम्ही शिकायला जपानला आहात आणि विचारताय की उन्हाळ्यात नदीकाठच्या आतषबाजीला युकाता (किमोनोसारखा हलका जपानी पोशाख) घालून गेलं तर तिथल्या लोकांना राग येईल का, आणि तो विकत घ्यावा की भाड्याने.

बिनधास्त घाला. आम्ही नागोयाला राहायचो तेव्हा शेजारच्या आजींनी मला स्वतःच्या हाताने घालून दिला होता. फक्त डावी बाजू उजवीवर आली पाहिजे, हे पक्कं लक्षात ठेवा. उलटी बाजू वर घेतात ती मयताला.

राग येतो तो आपल्याच लोकांना. त्याच आजींची सून एका श्रावणात आमच्या गावी, अमळनेरजवळ, कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, आली होती. नागपंचमीनंतरचा रविवार, घर भाऊबंदांनी भरलेलं. माझ्या सासूबाईंचं लुगडं बघून म्हणाली, मलाही नेसायचंय. सासूबाईंनी मागच्या खोलीत नेलं. काष्टा खोचताना ती सारखी हात धरून थांबवायची, निऱ्या मोजायची, सगळं सोडून पुन्हा स्वतः नेसून बघायची. एवढं लांब कापड एकही टाका न घालता अंगावर बसतं, याचं तिला फार अप्रूप. किमोनोची जास्तीची उंचीही कमरेशी दुमडूनच बसवतात ना!

बाहेर आली, तर चुलत सासूबाई चारचौघांत म्हणाल्या, परक्या बाईने देवीपुढे लुगडं नेसून मिरवायचं, ही काय तऱ्हा? पोरीला भाषा येत नव्हती, पण सूर कळला. तोंडच उतरलं तिचं. सासूबाई एवढंच बोलल्या, "ती बी कोनी तरी लेकच शे."

मोठ्यांपुढे बोलू नये म्हणून मी गप्प राहिले. आज लिहिते. त्याच चुलत सासूबाईंच्या दोन्ही सुना त्या दिवशी बाजारातली शिवलेली नऊवारी चढवून फुगड्या खेळत होत्या. निऱ्या शिवलेल्या, कमरेला नाडी. त्यांचं ते कौतुक, आणि जी घामाघूम होऊन काष्टा शिकली तिने मिरवायचं नाही? माझ्या लेखी त्या दिवशी खरं लुगडं तीच नेसली होती.

कानबाईच्या नैवेद्याचे रोट मात्र आम्ही तिला वाढले नाहीत. ते भाऊबंदकीतच संपवायचे असतात. तसं सांगितलं, तिने मानलं. तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक होता. नियम रोटांना आहे, लुगड्याला कुणी कधी घातला?

हां, युकाता सुती, उन्हाळी कपडा आहे. लग्नाला किंवा पदवीदानाला तो घालू नका, तिथे जपानी पोशाख करायचा तर किमोनोच. त्यातही लांब बाह्यांचा फुरिसोदे लग्न न झालेल्या मुली घालतात. पहिल्यांदा भाड्यानेच घ्या, दुकानातल्या बायका व्यवस्थित घालूनही देतात. आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकल्यावर कुणी "आपलं सोडून हे काय" म्हणालं, तर सरळ विचारा, तुम्हाला काष्टा घालता येतो का?