एफडी मोडून मुलाला पुण्याला न्यावं का?

प्रश्न: माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमकुवत होत जाणारा आजार) असल्याचं जनुकीय तपासणीत नक्की झालं. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावला राहतो. मिस्टर खासगी हायस्कूलवर शिक्षक आहेत, मला पतसंस्थेत १८,००० रुपये पगार आहे. पुण्यातलं एक सेंटर रोज दोन तास फिजिओथेरपी करू म्हणतं. फी महिन्याला २५,०००, वर्षाचे पैसे आगाऊ. नोकरी सोडून, ९ लाखांची एफडी मोडून मुलासोबत पुण्यात राहावं का?

उत्तर: ताई, नोकरी सोडू नका आणि आगाऊ पैसे भरू नका. तुमची धडपड मला कळते. हातात पैसा असताना मुलासाठी काही करायचं राहिलं, ही बोच कुठल्याच आईला नको असते. पण हिशेब मांडून पाहा. फी २५,०००, खोली आणि दुसऱ्या घराचा खर्च साधारण १५,०००, बुडालेला पगार १८,०००. म्हणजे महिन्याला ५८,०००. सव्वा वर्षात एफडी संपेल आणि तेव्हा मुलगा जेमतेम आठ-नऊ वर्षांचा असेल.

या आजारात मोठा खर्च पुढे आहे. औषध नसेल तर ही मुलं बहुधा १२ वर्षांच्या आत चालणं थांबवतात, स्टिरॉइडमुळे तो काळ काहीसा लांबतो. त्यानंतर पाठीला नीट आधार देणारी व्हीलचेअर लागते, घरात रॅम्प आणि संडास-बाथरूमचे बदल करावे लागतात, मणका वाकला तर शस्त्रक्रिया, रात्री श्वासाला मदत करणारं बायपॅप यंत्र, खोकला काढायचं यंत्र. तुमची ९ लाखांची ठेव या वर्षांसाठी आहे.

आता फिजिओथेरपीकडे येऊ, कारण तुमचा सगळा निर्णय तिच्यावर अडला आहे. या मुलांच्या स्नायूंत डिस्ट्रोफिन हे प्रथिन जवळजवळ नसतं, त्यामुळे प्रत्येक ताणाने स्नायूला थोडी इजा होते. म्हणून इथे व्यायामाने ताकद कमावणं हा हेतूच नसतो. पोटरी, मांडीची मागची बाजू, कंबरेचा सांधा आखडू नये, टाच वर उचलली जाऊ नये, यासाठी स्ट्रेचिंग करायचं. वजनं उचलणं, वारंवार जिने उतरणं, उड्या मारणं, दमेपर्यंत मेहनत या गोष्टी उलट नुकसान करतात. पाण्यातला हलका व्यायाम बहुतेकांना मानवतो. तेव्हा दोन तासांची फी भरली म्हणून अर्ध्या तासाच्या चौपट फायदा होत नाही. त्या दोन तासांत नेमकं काय करणार, हे सेंटरला विचाराच. उत्तरात ‘स्नायू मजबूत करू’ आलं तर तिथून उठा. कुणी सोबत स्टेम सेलचं पॅकेज दाखवलं तर तेही नको. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारात स्टेम सेल संशोधनाबाहेर वापरायला मान्यता नाही.

स्ट्रेचिंग आठवड्यातून निदान चार ते सहा दिवस व्हायला हवं, आणि ते शिकवल्यावर आईवडील घरी करू शकतात. मुलाची सांधेतपासणी करून तुमचा हात बसवून देणारा फिजिओथेरपिस्ट साताऱ्यात शोधा. कराडला कृष्णा अभिमत विद्यापीठाचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, तिथेही विचारा. रात्री घालायचे पायाचे स्प्लिंट (पाऊल सरळ धरणारे आधार) पाय वाढेल तसे बदलावे लागतात, त्यासाठी वेगळी रक्कम ठेवा. न्यूरॉलॉजिस्टची भेट, स्टिरॉइड, हृदयाची इको यांना फिजिओच्याही आधी पैसे द्या.

हा सगळा खर्च तुमच्या १८,००० मधून भागवायचा. दरमहा ७,००० ते ८,००० या कामाला काढून ठेवा, उरेल ते व्हीलचेअर आणि घराच्या बदलांसाठी आरडीत टाका. पतसंस्थेत तासभर लवकर सुटण्याची परवानगी मागा. माझ्या मते नोकरी सोडण्यापेक्षा ती मागणी कितीतरी स्वस्त पडेल. मुलगा जड होत जाईल, त्याला उचलून तुमची पाठ धरेल, तेव्हा मदतीला माणूस ठेवायलाही हाच पगार लागेल.

मिस्टरांचा टर्म इन्शुरन्स नसेल तर तो याच महिन्यात घ्या. घरात सर्वांत मोठी उणीव मला तीच दिसते.

मुलाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव स्पष्ट आहे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाच्या दाखल्यावर आयकराच्या जुन्या करप्रणालीत करपात्र उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,०००. १९६१ च्या आयकर कायद्यात ही सवलत कलम ८०डीडीखाली येते. प्रत्यक्ष खर्च कमी झाला तरी पूर्ण रक्कम मिळते, पण नव्या प्रणालीत ती नाही, म्हणून मिस्टरांचा कर दोन्हीकडे काढून बघा. ‘निरामय’ विम्याचा अर्ज मात्र भरत बसू नका. ती योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगतेसाठी आहे, एकट्या या आजारासाठी नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून दवाखान्यात दाखल झाल्यावर काही उपचार मिळतात, पण रोजच्या फिजिओथेरपीची आशा त्यातून ठेवू नका.

पुण्याला जायचंच असेल तर शाळेच्या सुट्टीत तीन-चार दिवस जा. सेंटरला त्या दिवसांचेच पैसे द्या, स्ट्रेचिंग शिका, फोनवर व्हिडिओ काढून घ्या आणि तो साताऱ्याच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा.