गेमिंगसाठी संगणक घ्यावा की प्लेस्टेशन?

प्रश्न : मुलगा यंदा अभियांत्रिकीला प्रवेश घेत आहे. त्याला गेम खेळण्यासाठी संगणक घ्यावा की प्लेस्टेशन, यावर घरात एकमत होत नाही. आपण काय सुचवाल?
– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : निव्वळ खेळायचेच असेल, तर प्लेस्टेशन ५ उजवे ठरते, टीव्हीला जोडले की काम झाले, आणि २०२० साली आलेल्या या यंत्राच्या क्षमतेचा अंदाज घेऊनच त्यावरचे गेम तयार होत असल्याने, ग्राफिक्स कार्ड (गेममधली दृश्ये पडद्यावर उमटवणारा भाग) पुरेल का ही धास्ती राहत नाही. मात्र खरा खर्च पुढेच असतो. विकत घेतलेले बहुतेक गेम इतरांबरोबर ऑनलाइन खेळण्यासाठी प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरावी लागते (फोर्टनाइटसारखे मोफत गेम याला अपवाद), तर संगणकावर अशी वर्गणी सहसा नसते आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये जुने गेम पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. खेळून झालेली डिस्क विकण्याची सोय मात्र संगणकावर जवळपास उरलेलीच नाही. तुमच्या मुलाला कॅड (संगणकावर आराखडे काढणे) आणि प्रोग्रॅमिंगसाठी संगणक लागणारच आहे. तेव्हा दोन यंत्रांवर पैसे घालण्यापेक्षा स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला संगणकच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. वळवाच्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून सोबत यूपीएस घ्यावा, आणि तो संगणकाच्या पॉवर सप्लायचे वॅट पाहूनच निवडावा.