आयपीएमध्ये, म्हणजे उच्चार लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीमध्ये, व्यंजनांच्या खाली-वर ज्या बारीक खुणा असतात त्या लक्षात कशा ठेवायच्या? देवनागरी असताना मराठी माणसाला त्यांचा उपयोग काय?

तक्ता पाठ करू नका. मी केला होता, परीक्षेपुरता टिकला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मी गोव्यातल्या पेडण्याचा. म्हापशाच्या बसस्टँडवर कंडक्टर ‘पेडणें, पेडणें’ म्हणून ओरडत असतो आणि त्याच बसच्या दाराशी उभा राहून पाहुणा विचारतो, “पर्नेम की बस कहाँ लगेगी?” बिचाऱ्याची चूक नाही. पाटीवर रोमन अक्षरांत तसंच लिहिलंय. पोर्तुगिजांचे कानही काही वाईट नव्हते. स्वरानंतरचा आपला ‘ड’ जिभेचा एक निसटता फटकारा असतो, तो त्यांना ‘र’सारखा ऐकू आला. कुडचड्यात (रोमनमध्ये ‘कुर्चोरेम’) तर दोन्ही ‘ड’ ‘र’ झाले. शेवटचा एम हा त्यांच्या लेखनात नाकातल्या स्वराची खूण, पण वाचणारा ओठ मिटून ‘म’ म्हणतो. फोंड्याचं ‘पोंडा’ झालं ते मात्र नाइलाजाने. पोर्तुगीजमध्ये महाप्राण, म्हणजे ‘फ’-‘थ’सारखी ‘ह’ मिसळलेली व्यंजनं, नाहीत, शब्दाच्या सुरुवातीचा एच मुका, आणि एल किंवा एनच्या पुढचा एच ल्य-न्यसारख्या उच्चारांसाठी आधीच अडकलेला. मग म्हापशातला ‘ह’ ठेवायचा कुठे?

रोमन अक्षरं मोजकी आणि तोंडातले आवाज भरपूर, ही अडचण सगळीकडचीच. १८८६ साली पॅरिसमध्ये पॉल पासी यांच्या पुढाकाराने जी ध्वनिशिक्षकांची संस्था निघाली, तिने हळूहळू ठरवलेल्या या खुणा आहेत. मूळ अक्षर बहुतेक सांगतं, खूण त्यात एक दुरुस्ती करते. म्हणून खूण दिसली की एवढंच विचारायचं: जीभ कुठे टेकली, श्वास किती सुटला, कंठ थरथरला का, की सोडताना काही वेगळं झालं?

जिभेपासून घेऊ. टी अक्षराखाली छोटा पूल दिसतो ना, तो म्हणजे दात. आपला ‘त’ असा लिहितात. पुलाविना नुसता टी म्हणजे जीभ दातांच्या मागच्या हिरडीवर, इंग्रजांचा टी. आपल्या कानाला तो ‘ट’ वाटतो, पण तो ना ‘त’ ना ‘ट’. हे गोव्यात राहून चटकन कळतं. इंग्रजीमार्गे आलेला तो ‘डॉक्टर’ आणि पोर्तुगीजमार्गे आलेला तो ‘दोतोर’. मूळ लॅटिन शब्द एकच, पण पोर्तुगिजांची जीभ दातांवर टेकते म्हणून ‘द’ आणि ‘त’, इंग्रजांची हिरडीवर म्हणून ‘ड’ आणि ‘ट’. तियात्रातला, म्हणजे गोव्यातल्या कोकणी नाटकाच्या नावातला, ‘त’ही तसाच आला. (बटाटा पोर्तुगीज असूनही ‘ट’ घेऊन बसलाय. तो कुणाचंच ऐकत नाही.)

मग ‘ट’चं काय? इथे बरेच जण गडबडतात. आयपीएमध्ये ‘ट’, ‘ड’, ‘ण’, ‘ळ’ यांना खूण नाही, स्वतंत्र अक्षरं आहेत, उजवीकडे वळलेलं शेपूट असलेली. अक्षराखाली एक टिंब देऊन हे मूर्धन्य, म्हणजे जीभ मागे वळवून म्हटलेले, उच्चार दाखवायची पद्धत संस्कृतच्या रोमन लिप्यंतराची. ती वेगळी व्यवस्था, तिचा पाया १८९४च्या जिनिव्हातल्या प्राच्यविद्या परिषदेतला. दोन्हींची मिसळ करू नका. आमच्याकडच्या रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत तर टिंबही नाही आणि शेपूटही नाही, अक्षर सरळ दोनदा लिहितात. ‘कोंकणी’ शब्दातला ‘ण’ म्हणजे दोन एन. छापखान्यात खुणांचे खिळे नसले तरी अडत नाही, अशी ही युक्ती आहे आणि मला ती आजही आवडते.

श्वासाचा भाग सगळ्यात गमतीचा. ‘थ’साठी टीच्या पुलाव्यतिरिक्त उजव्या खांद्यावर छोटा एच. म्हणजे जिभेने हवेला केलेला अटकाव सुटल्यावर कंठ लगेच थरथरत नाही, मध्ये हवेचा झोत जातो. तळहात तोंडासमोर धरा आणि ‘ताट’, ‘थाट’ म्हणा. पण ‘ध’साठी तोच एच चालत नाही. तिथे खांद्यावरच्या एचच्या माथ्याला आकडी असते, किंवा अक्षराखाली शेजारी शेजारी दोन टिंबं देतात. व्याकरणात आपण ‘थ’ आणि ‘ध’ दोघांनाही महाप्राण म्हणून मोकळे होतो, पण ‘ध’ म्हणताना कंठ थरथरतच असतो, फक्त सैल, हवा गळू देत.

इथेच माझी फजिती झाली होती. आजीचं बोलणं रेकॉर्ड करून मी ते आयपीएत उतरवलं आणि ‘तुम्ही’मध्ये आधी एम, मग एच अशी दोन व्यंजनं लिहिली. सरांनी लाल पेनाने गोल केला आणि विचारलं, “हे जोडाक्षर असेल तर ‘तु’ गुरू का होत नाही?” मला शाळेतलं वृत्त आठवलं. ‘पुस्तक’मधला ‘पु’ गुरू, कारण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो. ‘तुम्ही’, ‘पुन्हा’, ‘कुऱ्हाड’ यांत आघात येत नाही, पहिलं अक्षर लघूच राहतं. म्हणजे तोंडाच्या हिशेबाने ‘म्ह’ हे एकच व्यंजन, सैल कंठाचा ‘म’. आयपीएत एमखाली दोन टिंबं. आपल्या छंदशास्त्राला जे ठाऊक होतं ते देवनागरी लपवते आणि ही दोन टिंबं दाखवतात. कोकणीतल्या ‘न्हंय’ला, म्हणजे नदीला, हेच लागू.

देवनागरी आणखी एक गोष्ट लपवते. ‘तो घरी जात होता’ आणि ‘त्याची जात’, लिहायला एकच, बोलायला दोन. पहिला ‘ज’ दातांपाशी, दुसरा टाळूपाशी. ‘जग’ शब्दही तसाच: दुनिया म्हटलं की टाळूचा, ‘शंभर वर्षं जग’ म्हटलं की दातांचा. आयपीएत दातांच्या ‘ज’साठी डी आणि झेड लिहून दोघांवर एक कमान टाकतात: दोन अक्षरं, पण झटका एकच. आपण अर्थावरून वाचतो म्हणून अडत नाही. मराठी शिकणाऱ्या परक्याला विचारा.

बाकीच्या खुणा तुम्हाला जास्त करून इंग्रजी लिहिताना लागतील. खाली छोटं वर्तुळ म्हणजे एरवी घोष (कंठ थरथरवणारं) असलेलं व्यंजन अघोष (बिनथरथरीचं) झालं, जसा ‘प्ले’मधला एल. खाली उभी रेघ म्हणजे व्यंजनानेच स्वराची जागा घेतली: इंग्रजांच्या ‘बटन’मध्ये शेवटी स्वर नसतो, नुसता एन असतो. आपण तिथे ‘अ’ घालतो. उजवीकडे वर कोपरा म्हणजे अटकाव ऐकू येईल असा सुटलाच नाही. तालव्यीकरणासाठी, म्हणजे व्यंजनात ‘य’ची छटा मिसळली की, खांद्यावर छोटा जे. जुन्या पुस्तकांत त्याऐवजी डावीकडे वळलेली आकडी सापडेल, ती १८८९ नव्हे, १९८९ला जर्मनीत कीलला भरलेल्या त्याच संस्थेच्या परिषदेत काढून टाकली. माझ्या वहीत शतक चुकलं होतं म्हणून मुद्दाम सांगतो.

आणि प्रत्येक ‘त’खाली पूल बांधत बसू नका. तिरप्या रेघांमध्ये लिहिता तेव्हा फक्त अर्थ बदलणारे फरक दाखवायचे असतात. मराठीत दुसरा टी नाहीच, तर नुसता टी पुरतो. चौकोनी कंसात मात्र जेवढं ऐकू आलं तेवढं, म्हणजे कामाला लागेल तेवढं, लिहायचं.

टाइप करताना आधी अक्षर, मग खूण. फॉन्ट चारिस किंवा दुलॉससारखा, या कामासाठीच केलेला घ्या. मी साध्या फॉन्टमध्ये प्रबंधिका छापून घेतली, तर प्रिंटमध्ये सगळे पूल एक घर पुढे सरकून स्वरांखाली जाऊन बसले होते.