मातीचे घर की स्लॅबचे: कर्ज काढण्यापूर्वी

आर्वी तालुक्यातून आपण विचारले आहे की, गावठाणातील वडिलोपार्जित मातीचे घर पाडून ६०० चौरस फुटांचे नवे घर बांधायचे असून स्लॅबच्या घरासाठी ११ लाखांचा, तर मातीच्या विटा, जुने सागवान आणि कवेलू (कौले) वापरून बांधायच्या घरासाठी सव्वासहा लाखांचा अंदाज मिळाला आहे; जवळ साडेसहा लाखांची मुदत ठेव आहे, तेव्हा पाच लाखांचे कर्ज काढून स्लॅब टाकावा काय? माझ्या मते टाकू नये, परंतु सव्वासहा लाखांचा अंदाजही आहे तसा स्वीकारू नये.

पाच लाख रुपये साडेनऊ टक्के दराने १५ वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ५,२२० रुपये पडतो आणि व्याजापोटीच जवळपास ४ लाख ४० हजार रुपये जातात. हप्ता दरमहा येतो, पण पाच एकर कोरडवाहू कापूस-तुरीचा पैसा हंगामातच हाती पडतो; मग हप्ता चुकू नये म्हणून पीककर्जाची रक्कम तिकडे वळते आणि तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर वेळेत परतफेड केल्यास मिळणारी व्याजसवलत हातची जाते.

आता मातीच्या घराविषयी. माती फुकट म्हणून घर स्वस्त, हा समज अर्धाच खरा आहे, कारण पाया, छप्पर, दारे-खिडक्या, वायरिंग आणि संडास-न्हाणी यांचा खर्च भिंत कशाचीही असली तरी टळत नाही. खरी बचत घरच्या माणसांच्या श्रमांत, गावच्या गवंड्यात आणि जुन्या घराच्या सामानात असते. सागवानी मयाली (लाकडी तुळया) शाबूत असतील तर त्या हजारोंच्या आहेत आणि जुन्या भिंतींची पांढरी माती पुन्हा भिजवून वापरता येते. आपला अंदाज शहरातल्या कंत्राटदाराने दिलेला दिसतो. हौशी फार्महाउसचा दर आपण मोजण्याचे कारण नाही.

दोन ठिकाणी मात्र हात आखडता घेऊ नये. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा, जोते दगडाचे व उंच ठेवावे आणि शेतातली काळी माती भिंतीत वापरू नये. दुसरे म्हणजे छप्पर भिंतीबाहेर चांगले दोन फूट काढावे, कारण मातीच्या भिंतीला पावसाचा झोत आणि जोत्याशी साचलेले पाणी यांचाच धोका अधिक असतो. वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात मातीच्या बांधकामावर काम झालेले आहे. तेथे एकदा जाऊन यावे.

कंत्राटदाराने मातीच्या घराची देखभाल शून्य असल्याचे सांगितले, असे आपण लिहिता. सेवाग्रामच्या कुट्या १९३०च्या दशकापासून उभ्या आहेत, पण त्यांची सातत्याने निगा राखली जाते म्हणून. दरवर्षी कवेलू फेरणे, सारवण आणि उधईवरचा (वाळवीवरचा) उपाय यांसाठी १० ते १२ हजार रुपये धरावेत. माकडांचा उपद्रव असेल तर अधिक. शिवाय मातीच्या घरावर पुढे तारण-कर्ज मिळणे अवघड जाते, कारण बँकेचे मूल्यांकन कमी येते. मुलांच्या शिक्षणासाठी या घरावर कर्ज काढण्याचा विचार असेल तर तो आताच सोडावा.

म्हणून घर ४५० चौरस फुटांचे करावे, खर्चाची मर्यादा पाच लाख ठरवावी आणि ठेवीतील उरलेले दीड लाख मोडू नयेत. आजारपण आणि नापिकी यांसाठी तेवढी रक्कम लागतेच. घरकुलाच्या यादीत नाव असल्यास सपाट भागासाठीचे १ लाख २० हजार रुपये टप्प्यांनी मिळतात, परंतु ते पक्क्या घरासाठी असल्याने आपला आराखडा त्यात बसतो काय, हे जुने घर पाडण्याआधी ग्रामपंचायतीकडून लेखी घ्यावे. मुरूम उचलण्यापूर्वी तहसील कार्यालयाची परवानगीही पाहावी.

कापसाची शेवटची वेचणी होईपर्यंत मजूर मिळणार नाहीत. त्यामुळे फेब्रुवारीत भिंती उभारायला घेऊन मेअखेर कवेलू चढतील, अशा बेताने गवंड्याशी दर आत्ताच ठरवावा.